वेसाइड इनची खिडकी आणि रस्त्यावरची न्याहारी : अरुण कोलटकरांच्या 'काळा घोडा पोएम्स'विषयी

साठोत्तरी मराठी कवितेचा इतिहास सांगताना अनियतकालिकांइतकाच उल्लेख मुंबईतील उपाहारगृहांचाही केला जातो. इराण्याचे हॉटेल, संगमरवरी टेबल, गार होत चाललेला चहा आणि भोवती चार-पाच लेखक-चित्रकार हे चित्र आपल्या साहित्यव्यवहारात रूढ झाले आहे. अरुण कोलटकर यांच्या बाबतीत तर या चित्राला नेमका पत्ताही लाभला आहे. मुंबईच्या काळा घोडा चौकातील 'वेसाइड इन' या उपाहारगृहात दर गुरुवारी कोलटकर आणि त्यांचे मित्र जमत. 'असो'चे संपादक व प्रास प्रकाशनाचे अशोक शहाणे, कवी आदिल जस्सावाला ही नावे या बैठकीच्या संदर्भात येतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेसाइड इन बंद पडले, तेव्हा बैठक मिलिटरी कॅफेत हलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही वेसाइड इनमध्ये येऊन बसत, असे सांगितले जाते. अशा वास्तूभोवती आख्यायिका जमावी यात नवल नाही. मात्र कोलटकरांच्या उत्तरकालीन इंग्रजी कवितेकडे या बैठकीचे फलित म्हणून पाहण्याची सवय त्यामुळे जडली आहे. ती कितपत योग्य आहे, हे 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या संग्रहाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा प्रश्न हातकणंगल्यासारख्या ठिकाणाहून विचारला, तर त्याला थोडा वेगळा अर्थ प्राप्त होतो. हातकणंगले हे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील इचलकरंजीचे नाव पं. बाळकृष्णबुवांनी (१८४९-१९२६) हिंदुस्थानी संगीतात अजरामर केले आणि पुढे त्याच गावाला यंत्रमागांनी वेगळी ओळख दिली. कलावंत आणि कष्टकरी यांचे सान्निध्य या भागाला नवे नाही. परंतु ते घडले ते कॅफेत नव्हे. कोल्हापुरात तालीम ही पेठेची बैठक असते. कुस्ती, मर्दानी खेळ, गणेशोत्सव, भजन या सर्वांना ती आसरा देते. गावोगावी भजनी मंडळ, पारावरचा कट्टा, स्टँडवरची चहाची टपरी आणि सकाळी मिसळीच्या दुकानात जमणारी गर्दी हेच काम करतात. येथे बिलाच्या रकमेवरून माणूस आत-बाहेर ठरत नाही. अर्थात या जागांचेही दरवाजे आहेतच. तालमीच्या कट्ट्यावर बाईमाणूस बसलेले सहसा दिसत नाही, आणि कोणत्या गल्लीचा, कोणत्या भावकीचा ही विचारपूस उघडपणे नसली तरी चालूच असते. तेव्हा 'कॅफे' की 'कट्टा' असा वाद घालण्यापेक्षा बैठकीला कोण बसले आणि कोण बाहेर उभे राहिले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून ते चित्रकार झाले आणि जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव मिळवले. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकले. म्हणजे कवी, चित्रकार आणि वादक या तिन्ही नात्यांनी ते कलावंतांच्या बैठकीत बसण्यास पात्र होते. असे असता त्यांनी आपल्या कॅफेवर काय लिहिले? या संग्रहापुरते उत्तर द्यायचे, तर जवळजवळ काहीच नाही. गुरुवारची बैठक, तेथील वाद, मित्रांचे चेहरे यांपैकी काही या अठ्ठावीस कवितांत शोधू गेल्यास हाती लागत नाही. कवितेत आहे ते खिडकीबाहेरचे त्रिकोणी वाहतूक बेट. पहाटे त्यावर पसरलेले गावठी कुत्रे, झाडू मारणारी स्त्री, कावळा, सायकलचा टाकलेला टायर, उवा मारण्यात गढलेली माणसे, उंदराचे औषध विकणारा फेरीवाला. ज्या काळ्या घोड्यावरून चौकाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला होता. रिकाम्या झालेल्या जागेवर कवीने आपले लोक बसवले आहेत.

या संग्रहाचा गाभा म्हणजे 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा' ही अनेक भागांची दीर्घ कविता. सकाळची वेळ आहे आणि त्या क्षणी जगात कुठे कोण काय खात असेल, याचा फेरफटका कविता मारते. मग ती मुंबईत उतरते. ऑलिंपियाचा खिमा-पाव, कैलास परबतची पुरीभाजी, नूर मोहमदीची नळी निहारी, मिलिटरी कॅफेचा ब्रून मस्का असे एकेक हॉटेल आणि त्याचा एकेक पदार्थ ती नोंदवत जाते. या यादीत वेसाइड इनही आहे, पण शेवटी, आणि तळलेली अंडी व बेकन एवढ्याच ओळखीने. ज्या वास्तूला समीक्षेने देवालयाचा दर्जा दिला, तिला कवीने डझनभर हॉटेलांच्या रांगेत एक जागा दिली आणि तो पुढे निघाला. ही नोंद वाटते तेवढी किरकोळ नाही. कारण यादी संपते आणि कविता जेथे थांबते तेथे ना टेबल आहे, ना वेटर. एक इडलीवाली ॲल्युमिनियमच्या भल्या मोठ्या डब्यात इडल्या आणि कॅनमध्ये सांबार घेऊन बेटावर येते. तिच्याभोवती आंधळा, कुष्ठरोगी, तुरुंगातून सुटलेला, नशेचा व्यापार करणारा असे सगळे गोळा होतात. कवी तिला अन्नपूर्णेच्या रूपात पाहतो. थोड्या वेळाने डबा रिकामा होतो आणि तो पसारा, पान मिटताच आत दुमडून जाणाऱ्या चित्रपुस्तकातील राजवाड्यासारखा, नाहीसा होतो. या पसाऱ्याला कवीने दिलेले नाव 'कॅफेटेरिया' असे आहे. वेसाइड इनमध्ये बसलेल्या माणसाने कॅफे हा शब्द रस्त्याला देऊन टाकावा, हा या संग्रहातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल.

वादकांच्या बाबतीतही हेच घडते. काळा घोडा परिसर कलादालनांचा आणि मैफलींचा. जहांगीर कलादालन तेथे १९५२ पासून आहे. त्यातील 'समोवार' हे कॅफे १९६४ ते २०१५ अशी पन्नास वर्षे चित्रकारांच्या उठबशीचे ठिकाण होते. संग्रहात सेलोवादकाला उद्देशून एक छोटी कविता आहे खरी. पण वाद्यवृंद म्हणून जो लक्षात राहतो, तो भीक मागत जाणाऱ्या कुष्ठरोग्यांचा बँड. पखवाजाचे बोल हाताखालून गेलेल्या कवीने या बँडचा ठेका कवितेत दाणकन वाजवला आहे. त्यात करुणा गाळण्याचा मोह टाळलेला आहे, हे विशेष.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. खिडकीमागे बसून, समोर न्याहारी घेऊन, रस्त्यावरच्या उपाशी माणसांचे चित्र काढणे हा एक प्रकारचा चैनीचा व्यवहार नव्हे काय? नामदेव ढसाळ यांनी 'गोलपिठा' (१९७२) लिहिला तो त्या वस्तीत वाढलेल्या माणसाच्या अधिकाराने. तेथे बघणारा आणि बघितला जाणारा असा भेद उरत नाही. कोलटकरांच्या कवितेत तो भेद आहे, आणि काही ठिकाणी तो खुपतोही. न्याहारीच्या कवितेतील राजेशाही मेजवानीचा थाट कधी कधी इतका रंगतो की, या मंडळींना दुपारी काय मिळणार, हा प्रश्न हास्यात बुडून जातो. तथापि हा आक्षेप संपूर्ण संग्रहाला लागू पडत नाही. कोलटकर या माणसांच्या वतीने बोलत नाहीत, त्यांना न्याय मिळवून दिल्याचा आवही आणत नाहीत. ते त्यांची भूक नव्हे, त्यांची खाण्याची आवड लिहितात. 'बॉन आपेती'त एका कृश म्हाताऱ्या कोळणीला ते सुखाने जेव म्हणतात, तेव्हा त्यामागे दयेपेक्षा पंक्तीतला शेजार अधिक आहे. गरिबाला भुकेपलीकडे चवही असते, हे मराठी ग्रामीण साहित्यालाही नेहमी सुचलेले नाही.

राहतो तो भाषेचा प्रश्न. कोलटकर दोन्ही भाषांचे कवी. 'भिजकी वही' या मराठी संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जगभरच्या रडणाऱ्या स्त्रिया त्यांनी मराठीत आणल्या आणि घराजवळचा चौक मात्र इंग्रजीत ठेवला. ज्यांच्याविषयी ही कविता आहे, त्यांच्या तोंडची भाषा ती नाही. आणि तालुक्याच्या गावातील विद्यार्थी 'जेजुरी'च्या (१९७६) नावापलीकडे या कवितेपर्यंत क्वचितच जातो, याचे एक कारण हेही आहे. तिचा अनुवाद करू पाहणाऱ्याला मात्र एक गमतीदार अनुभव येईल. इडली, सांबार, खिमा-पाव, शिरा, उपमा हे शब्द इंग्रजीत पाहुणे म्हणून गेलेले आहेत; ते नुसते परत आणायचे. अडचण येईल ती मिटणाऱ्या चित्रपुस्तकातील राजवाड्याशी. तसे पुस्तक येथील किती मुलांनी हाताळले असेल? त्या जागी जत्रेतल्या तंबू टॉकीजची आठवण चालू शकेल. रात्रभर उजळलेली ती कनात सकाळी मैदानावर नसायची, आणि खुंट्यांची भोके तेवढी उरायची.