आधी नॉर्थ बेरिक, मग सेंट अँड्र्यूज

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला निघालेल्या माणसाच्या खिशातली यादी बहुधा ठरलेली असते. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, ट्रून, टर्नबेरी, आणि जमलंच तर पार उत्तरेला डॉर्नॉक. नावं सगळी थोर आहेत, पण आठवड्याभरात एवढं बसवायचं म्हणजे निम्मा प्रवास गाडीत जातो. मला आवडतो तो बेत फार आटोपशीर आहे. एडिंबराच्या पूर्वेला फोर्थची रुंद खाडी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण काठाला ईस्ट लोदियन, उत्तर काठाला फाइफ. एवढ्यातच राहायचं. दोन्हीकडे जमीन एकाच जातीची आहे: समुद्र मागे सरला तेव्हा उघडी पडलेली वाळू, वाऱ्यानं रचलेले तिचे उंचवटे, वर आखूड चिवट गवत आणि मेमध्ये पिवळीधमक फुलणारी काटेरी गॉर्स. झाडांचा आडोसा जवळपास नाहीच. पावसाचं पाणी वाळूत झिरपतं, जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू थांबायचं नाव न घेता पुढे धावत सुटतो. माती, गवत, वारा सगळं एकच असल्यामुळे दोन कोर्सेसमधला फरक इथे निव्वळ रचनेचा उरतो, आणि तो ओळखण्यातच या सहलीची सगळी मजा आहे.

म्हणून कोणते कोर्स खेळायचे याइतकंच कोणता आधी आणि कोणता नंतर, हेही महत्त्वाचं. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स पहिल्याच दिवशी खेळणाऱ्यांबद्दल मला हळहळ वाटते. विमानाचा शीण अंगात असतो, टणक जमिनीची सवय नसते, आणि समोरचं सपाट, ओबडधोबड मैदान पाहून ‘एवढ्याचं एवढं कौतुक?’ असा प्रश्न पडतो. तो कोर्स वाचायला डोळा तयार व्हावा लागतो. नॉर्थ बेरिक तो तयार करतं.

एडिंबराहून साधारण अर्ध्या तासाची रेल्वे थेट गावात सोडते. इथला वेस्ट लिंक्स हा कोर्स जुना, आणि त्याचं पहिलं सौंदर्य असं की त्यानं वाटेतलं काहीच हटवलेलं नाही. जुन्या दगडी भिंती होत्या, त्या राहिल्या. तेराव्या होलवर तर कमरेएवढी भिंत ग्रीनच्या ऐन तोंडाशी आडवी येते. फेअरवे अलीकडे, ग्रीन पलीकडच्या खळग्यात, मध्ये भिंत. आजचा कुणी रचनाकार असं काही कागदावर काढायला धजणार नाही. पण चेंबूरच्या किंवा पुण्याच्या मऊ हिरवळीवर उंच फटका मारून चेंडू झेंड्याशी थांबवायची सवय लागलेल्या हाताला हा होल एका फटक्यात भानावर आणतो. भिंत ओलांडण्याइतका उंच, पण खळग्यात उतरून थांबेल इतका अलगद, असा फटका हवा असेल तर आधीचा फटका कुठे टाकायचा होता, हे तिथे उभं राहिल्यावर लख्ख कळतं. एक अडगळीची भिंत जागेवर ठेवून चारशे यार्डांच्या होलला अर्थ देणारा हा संयम मला फार मोठा वाटतो.

आणखी दोन होल पुढे गेलं की रेडान. क्रिमियन युद्धातल्या सेव्हास्तोपोलच्या तटबंदीवरून हे नाव पडलं. टीवर उभं राहिलं की समोरच्या उंचवट्यामुळे ग्रीन नीटसं दिसत नाही, वर फडकणारा झेंडा तेवढा दिसतो. ग्रीन तिरकं बसवलंय. पुढच्या उजव्या खांद्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे ते असं कलतं, की जणू पाखडताना कुणी सूप हातात तोललंय. डाव्या अंगाला पुढे खोल बंकर. थेट झेंड्यावर रोखलेला चेंडू एक तर त्या बंकरात जातो, नाही तर ग्रीनवर आपटून मागे निघून जातो. मारायचं असतं ते झेंड्याच्या बऱ्याच उजवीकडे, खांद्यावर. तिथे टेकलेला चेंडू उताराच्या मर्जीनं सावकाश वळतो आणि झेंड्याच्या दिशेनं घरंगळायला लागतो. फटका मारल्यानंतरचे ते चार-सहा क्षण खेळ तुमच्या हातात नसतो, जमिनीच्या हातात असतो. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डनं हा होल अमेरिकेत नेला आणि न्यूयॉर्कजवळच्या नॅशनल गोल्फ लिंक्सचा चौथा होल म्हणून पुन्हा घडवला. त्यानंतर जगभर त्याच्या किती प्रती निघाल्या! मूळ होल मात्र आजही तसाच आहे, खाडीत गॅनेट पक्ष्यांनी पांढऱ्या झालेल्या बास रॉकच्या साक्षीनं, आणि जोरदार फटक्यापेक्षा नेमक्या जागी टेकवलेल्या चेंडूला मान देणारा.

लपवाछपवीची इतकी गोडी लागल्यावर दुसऱ्या दिवशी म्युअरफिल्डला जावं, कारण तिथे काहीच लपवलेलं नाही. हे घर ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स’चं. याच मंडळींनी १७४४ मध्ये लीथ इथे खेळाचे तेरा नियम लिहून काढले. १८९१ मध्ये ते म्युअरफिल्डला आले. पाहुण्यांना आठवड्यातल्या ठरावीक वारीच प्रवेश असतो, तोही खूप आधी ठरवून. म्हणून आधी तो वार पक्का करावा आणि बाकीची सहल त्याच्या मागे-पुढे मोजत आखावी. बराच काळ हे दार स्त्रियांना सभासद म्हणून बंद होतं. २०१७ मध्ये सभासदांनी मतदान करून ते उघडलं, आणि २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन स्पर्धा तिथेच झाली. हे झालं नसतं तर हा कोर्स मी या बेतात धरलाच नसता.

त्याची खरी कारागिरी नकाशावर बोट फिरवल्यावर कळते. पहिले नऊ होल कोर्सच्या कडेकडेनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जातात. पुढचे नऊ त्या वेढ्याच्या आत, उलट दिशेनं फिरतात. जुने लिंक्स बहुतेक सरळ जाऊन सरळ परत येणारे: जाताना वारा पाठीशी, तर येताना सतत तोंडावर. इथे वारा दर दोन-तीन होलनंतर अंगाची बाजू बदलतो. आत्ता उजव्या गालावर होता तो आता मानेवर आला, हे खेळता खेळता जाणवायला लागतं, आणि प्रत्येक टीवर हिशेब नव्यानं मांडावा लागतो. हॅरी कोल्टनं १९२० च्या दशकात या रचनेला आजचं रूप दिलं. समुद्र दिसतो पण कुठे आड येत नाही, झाडं आड येत नाहीत, ओढे नाहीत. फक्त विटांसारख्या रचलेल्या गवताच्या भिंतींचे बंकर आणि हा फिरता वारा. इतक्या थोड्या सामग्रीत इतकी विविधता दुसऱ्या कुठल्या कोर्सनं साधलेली मला माहीत नाही. दुपारी कोट-टाय घालून भरपेट जेवायचं आणि मग जोडीदाराबरोबर एकच चेंडू आळीपाळीनं मारत दुसरी फेरी खेळायची, हा तिथला रिवाज चुकवू नये. आपला वाईट फटका दुसऱ्याला निस्तरावा लागतो म्हटल्यावर माणूस किती जपून विचार करतो!

मग पूल ओलांडून फाइफ. एली आणि क्रेल हे दोन मुक्काम छोटे, पण गाळू नयेत. एलीच्या पहिल्या टीसमोरच टेकडी आहे, पलीकडे कोण खेळतंय ते दिसत नाही. म्हणून तिथल्या खोपटात एका पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय, ‘एक्स्कॅलिबर’ नावाच्या. स्टार्टर त्यातून पाहतो, पुढची मंडळी पुरेशी लांब गेली की खूण करतो. सोळा होल चार फटक्यांचे, दोन तीनचे, पाच फटक्यांचा एकही नाही. पाठ्यपुस्तकी मापं बाजूला ठेवून जमिनीनं दिलं तेवढंच घ्यायचं, हा एलीचा सरळपणा. पाच वेळा ओपन जिंकणारा जेम्स ब्रेड याच परिसरातला. क्रेलचा बालकोमी हा ओल्ड टॉम मॉरिसचा कोर्स समुद्राला इतका लगटून आहे की म्युअरफिल्डच्या संयमानंतर डोळे निवतात. याच किनाऱ्यावर किंग्सबार्न्सही आहे, आखीव-रेखीव आणि देखणा. तो २००० साली शेतजमिनीवर माती हलवून घडवला, आणि फार सुरेख घडवलाय. पण या सहलीत मी तो घेत नाही. इथे आपण न घडवलेली जमीन वाचायला आलोय.

सेंट अँड्र्यूजला शनिवारी संध्याकाळी पोहोचावं, आणि याला कारण आहे. ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी तो गावाचा असतो. लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन त्यावर फिरतात. आपणही फिरावं, पण उलट्या दिशेनं, अठराव्या ग्रीनकडून आत. त्यात एक गंमत दडलेली आहे. हा कोर्स पूर्वी दोन्ही दिशांनी खेळला जाई. १८७० च्या सुमारास टॉम मॉरिसनं पहिल्या होलला स्वतंत्र ग्रीन दिलं आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायची आजची दिशा हळूहळू रूढ झाली. बंकर मात्र होते तिथेच राहिले. बाराव्या होलच्या टीवरून समोर मोकळी फेअरवे दिसते, एकही बंकर नाही. रविवारी ग्रीनकडून टीकडे चालत या: फेअरवेच्या मधोमध एकामागून एक बंकर तोंड उघडून बसलेले दिसतील. ते उलट दिशेनं येणाऱ्यांसाठी होते. आता टीकडे त्यांची पाठ आहे, म्हणून ते दिसत नाहीत, एवढंच. कोणी मुद्दाम रचलेला सापळा नाही हा. दिशा बदलली आणि जुन्याच खड्ड्यांना नवी धार आली. गोल्फच्या रचनेत याहून खोल असं काही मी पाहिलेलं नाही.

चालताना ग्रीनही निरखावीत. अठरा होलसाठी ग्रीन अकराच. त्यातली सात जोडग्रीन, जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही होलना सामाईक: दुसरं-सोळावं, तिसरं-पंधरावं, चौथं-चौदावं, अशी. कुठल्याही जोडीची बेरीज करा, अठरा येते. जाताना झेंडे पांढरे, येताना लाल, अठराव्याचा पुन्हा पांढरा. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन तर इतकं अफाट की चुकीच्या बाजूला पडलेल्या चेंडूला पुट मारताना खांदे पूर्ण फिरवावे लागतात. चेंडू ग्रीनवर आहे म्हणजे काम झालं, ही आपली समजूत इथे चालत नाही. एकशे बारा बंकर चुकवून ग्रीन गाठावं आणि खरा खेळ तिथून पुढे सुरू व्हावा, ही या कोर्सची उदारता म्हणावी की कठोरपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. १९२१ मध्ये एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स अकराव्या होलवर वैतागून स्पर्धेतूनच बाहेर पडला. सहा वर्षांनी तो इथेच ओपन जिंकला आणि १९५८ मध्ये या गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

सतरावा होल मात्र सावकाश पाहावा. ४९५ यार्ड, चार फटक्यांचा. टीवरून समोर हॉटेलच्या आवारातली शेड येते; तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. तिच्यावर लिहिलेल्या नावातल्या कुठल्या अक्षरावरून चेंडू न्यायचा, एवढाच निर्णय करायचा, कारण पलीकडची फेअरवे दिसतच नाही. जितकं उजवीकडून जाल तितका धोका जास्त, कारण तिकडे हद्द संपते. डावीकडे सुरक्षित. मग कुणी उजवीकडे का जावं? उत्तर पार टोकाला, ग्रीनपाशी आहे. ग्रीन उंच, अरुंद आणि तिरकं. पुढे डावीकडे छोटासा पण भिंतीसारख्या काठांचा रोड बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. डावीकडून येणाऱ्याच्या वाटेत तो बंकर नेमका आडवा येतो, उजवीकडून येणाऱ्याला ग्रीन लांबीनं उघडं मिळतं. टीवर केलेल्या धाडसाचं माप दुसऱ्या फटक्याला पदरात पडतं. १९७८ मध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पुट उतारावरून वळून त्या बंकरात गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलची बेरीज नऊ झाली. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू ग्रीन ओलांडून भिंतीशी थांबला आणि ओपन त्याच्या हातून गेली. २००० साली टायगर वूड्स चारही दिवस एकाही बंकरात न जाता आठ फटक्यांनी जिंकला. तो आकडा रविवारच्या फेरीनंतर वाचावा, म्हणजे त्यामागचं वाचन केवढं असेल ते कळतं.

ओल्ड कोर्सवर खेळायला मिळणं हा मात्र चिठ्ठीचा मामला. दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, संध्याकाळी निकाल लागतो. म्हणजे रविवारी फिरून झालं की मंगळवारसाठी नाव टाकता येतं. हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवावा. सोमवारी शेजारचा न्यू कोर्स खेळावा. नाव न्यू असलं तरी तो १८९५ चा, टॉम मॉरिसनंच आखलेला, आणि अरुंद फेअरवेंमुळे ओल्ड कोर्सपेक्षा काटेकोर. शक्य तर कॅडी घ्यावा. तो झेंडा दाखवत नाही. दूरच्या चर्चचा मनोरा किंवा गॉर्सचं एखादं झुडूप दाखवतो आणि तिकडे मार म्हणतो, आणि चेंडू ग्रीनवर नेमका वळून आल्यावर एक शब्दही बोलत नाही.

मंगळवारची चिठ्ठी निघाली नाही तर सोमवारी बुधवारसाठी पुन्हा नाव द्यावं आणि संध्याकाळी ‘हिमालया’वर जावं. पहिल्या टीपासून काही पावलांवर १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पुटिंग क्लबचं हे मैदान आहे, टॉम मॉरिसच्याच हातचं, आणि थोडक्या पैशांत कुणालाही खुलं. सहलीला बरोबर आलेलं, कधीच गोल्फ न खेळलेलं माणूसही इथे हातात पुटर धरू शकतं. उंचवटे असे की होलकडे पाठ करून मारलेला चेंडू कधी कधी फिरून होलपाशी येतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा दोन फेऱ्या सहज होतात. पहिली हसण्यात जाते. दुसऱ्या फेरीत लोक गुडघ्यावर बसून उतार बघायला लागतात.