कुपीच्या आतील चित्र आणि कौतुकाची मर्यादा

छिंग राजवटीत (१६४४-१९११) चीनमध्ये तपकिरीचे सेवन प्रतिष्ठेचे झाले आणि तिच्यासाठी तळहातात मावणाऱ्या कुप्या घडविल्या जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात पारदर्शक कुप्यांच्या आतील पृष्ठभागावर चित्रे रेखाटण्याची कला उदयास आली. तिच्याविषयीचे बहुतेक लेखन एवढ्या चिंचोळ्या तोंडातून चित्र आत गेले कसे, या नवलापाशीच थांबते. हे नवल अस्थानी नाही. मात्र त्यामुळे चित्राची चित्र म्हणून चिकित्सा मागे पडते.

काचेची आतील बाजू खरखरीत पूड व पाणी घालून घासल्याने तिला कागदासारखा पोत येतो व रंग टिकतो. त्यावर टोकाशी वाकविलेल्या बांबूच्या लेखणीने काम होई. यातील अक्षरे उलटी लिहावी लागतात, असे सर्रास म्हटले जाते. सपाट काचेमागे रंगविणारा चित्रकार मागून पाहतो, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. कुपीचा चित्रकार मात्र प्रेक्षकाप्रमाणेच बाहेरून पाहतो. येथे उलटा असतो तो थरांचा क्रम. कागदावर सर्वांत शेवटी येणारी रेषा प्रथम उमटते आणि पार्श्वभूमी तिच्यामागे येते. म्हणजेच संपूर्ण रचना आधीच मनात सिद्ध असावी लागते. या कलेचे खरे अवघडपण येथे आहे, कुपीच्या तोंडात नव्हे.

१८८०च्या दशकात बीजिंगमध्ये काम करणाऱ्या चौ लयुआन यांच्या निसर्गचित्रांत याची प्रचीती येते. डोंगर, झाड, एखादी झोपडी आणि पुष्कळशी मोकळी जागा! ही मोकळी जागा धुक्यासारखी बोलते. मा शाओश्युआन (१८६७-१९३९) यांनी छायाचित्रांवरून केलेली व्यक्तिचित्रे अधिक गाजली. त्यांतील साधर्म्य विलक्षण आहे. परंतु प्रेक्षक छायाचित्राशी ताडून पाहतो आणि समाधान पावून दृष्टी वळवितो. त्यांचे सुलेखन मात्र पुनःपुन्हा पाहावेसे वाटते.

या फरकामागे एक व्यावहारिक कारणही संभवते. चित्रित कुपीत तपकीर भरल्यास चित्र झिजते. वापरातून सुटलेली कुपी संग्राहकाच्या कपाटात गेली आणि तेथे थक्क करणाऱ्या कामास अधिक मागणी असणे स्वाभाविक होते. पुढे वांग शीसान (जन्म १९३८) यांनी बीजिंगच्या ये घराण्याकडून ही विद्या घेतली, धातूच्या दांड्याचा वाकडा कुंचला रूढ केला आणि हबेई प्रांतात शिष्यपरंपरा उभी केली. २००६ मध्ये तेथील हंगश्वेई परंपरेचा चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. नव्या कुंचल्याने छटा सूक्ष्म झाल्या, केसन् केस दिसू लागला. चौ लयुआन यांच्या कुपीतील धुके मात्र त्या मानाने क्वचितच आढळते.