सपाट रेषेचे दोन अर्थ

बेडसे लेण्यांच्या खाली पवन मावळातली भातखाचरं आहेत, आणि याच खोऱ्यात पवना धरण. पावसाळ्यात आपण दोन आलेख बघतो: १ जूनपासूनचा एकूण पाऊस आणि धरणातला साठा. आमची तक्रार आलेखांबद्दल नाही, ते वाचण्याच्या सवयीबद्दल आहे. शाळेत आपण कमाल बिंदू शोधतो, गुण घेतो आणि पुढे जातो. अक्षावर काय मोजलंय, हे विचारतच नाही.

एकूण पावसाची रेषा कधी खाली येत नाही. पडलेला पाऊस वजा होत नाही. ती सपाट झाली की समजायचं, उघडीप आहे. भातलावणीच्या दिवसांत तिचीच धास्ती. साठ्याची रेषा मात्र शून्यापासून निघत नाही आणि उन्हाळ्यात उतरते. ती शंभर टक्क्यांवर सपाट झाली, म्हणजे पाऊस थांबला असं नव्हे. येतंय तेवढं पाणी बाहेर पडतंय आणि नदीतून पिंपरी-चिंचवडकडे निघालंय.

दिसायला दोन्ही रेषा सारख्याच. एक म्हणते, पाऊस नाही. दुसरी म्हणते, काठावरची गुरं हलवा. म्हणून आपण आधी अक्ष वाचू, मग रेषा.