चित्रदर्शन आणि चहापान

कलासंग्रहालयातील प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्या रसिकापुढे त्याच चित्रांवरून बेतलेला चहा-फराळ ठेवण्याची चाल अलीकडे देशोदेशी पडली आहे. तिला व्यापारी क्लृप्ती म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात दर्शनापाठोपाठ तीर्थप्रसाद येतो, त्याने तरी दृष्टी आणि जिव्हा यांचे नाते हलके मानू नये. प्रश्न एवढाच, की तो घोट रसिकाला चित्राकडे परत नेतो, की चित्राची जागाच बळकावतो?

सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या गच्चीवरील उपाहारगृहासाठी केटलिन फ्रीमन या पाककुशल बाईंनी डच चित्रकार मोंद्रियान (१८७२–१९४४) याच्या चित्रावरून केलेला केक बराच गाजला. अशा पदार्थांवरील त्यांचे पुस्तक २०१३ साली निघाले. केक कापला म्हणजे पांढरे, तांबडे, निळे, पिवळे चौकोन आणि त्यांमधून चॉकलेटच्या रेषा दिसतात. कौशल्य निर्विवाद होय. परंतु मोंद्रियानच्या चित्राचा प्राण रंगांत नसून तोलात आहे. एक रेषा दोन बोटे सरकली तर चित्र ढासळते. केक तर मोडल्यावाचून खाताच येत नाही. येथे चित्राचे रूप आले, शील आले नाही.

जपानी चहागृहाची रीत निराळी. तेथे पाहुणा आत येताच प्रथम भिंतीवर टांगलेल्या चित्रपटासमोर बसतो, नमस्कार करतो, तो न्याहाळतो आणि मगच आपल्या जागी जातो. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली चहावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या संप्रदायाचे मर्म उलगडले आहे. त्या चहाला चित्रासारखे दिसण्याची हौस नाही. चित्राने आणलेली शांतता तो मोडत नाही, हीच त्याची चित्रनिष्ठा.

लाटंबार्से-डिचोलीकडील वाचकाला हा कस लावण्यासाठी दूर जावयास नको. डॉ. सुबोध केरकर यांनी २०१५ साली पिळर्ण येथे उघडलेल्या ‘म्युझियम ऑफ गोवा’त मिरचीचे भव्य शिल्प आहे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली मिरची आमच्या आमटीत इतकी मुरली, की ती परकी होती हे आता सांगावे लागते. ते शिल्प पाहून घरी पानावर बसणाऱ्याला रोजचेच जेवण निराळे लागते. चहाचेही तेच, पोर्तुगिजांचा ‘शा’ आणि आमचा ‘चहा’ ही एकाच चिनी शब्दाची लेकरे. अन्नाने कलेची नक्कल करण्यापेक्षा कलेने अन्नाची ओळख पालटावी, हे अधिक मोलाचे.

परंतु खरी परीक्षा आमच्या देवळांतच आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावा, तो घोटून गुळगुळीत करावा आणि लोखंडी अणीने खरवडून आतला पांढरा चुना उघडा करावा, ही काव-कला. दोनच रंग, पण वेलबुट्टी, मोर, देवदेवता सारे त्यांत उभे राहते. आणि एकदा चुकलेली रेघ पुसता येत नाही! पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ही कला पाहावयास मिळते. अन्यत्र मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा कित्येक भिंती तैलरंगाखाली किंवा चकचकीत लाद्यांखाली गेल्या. करणाऱ्यांची भक्ती खोटी नव्हती. भिंत ही देवाची सेवा म्हणून कोणीतरी कोरली आहे, हे तेवढे ध्यानात राहिले नाही.

देवस्थानांच्या महाजनांना आमचे सांगणे इतकेच, की गवंड्याला बोलावण्याआधी कलेच्या जाणकाराला बोलवावे, भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि गिलावा बचावेल तेथे त्याला हात लावू नये. आणि भाविकांनी प्रसाद घेऊन, अग्रशाळेत चहा पिऊन झाल्यावर घरची वाट धरण्यापूर्वी एकवार पुन्हा मंडपात जावे. पहिली नजर देवासाठी असते. दुसरी त्या भिंतीसाठी असू द्यावी. जिच्याकडे कोणी पाहतच नाही, ती भिंत पाडताना कोणाचाही हात थबकत नाही.