पोन्नीच्या पुत्रानंतर : एका उत्तरकथेचे ऋण

कल्की रा. कृष्णमूर्ती यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही पाच भागांची अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. अरुळमोळी, म्हणजे पुढचा पहिला राजराज, हाती आलेले सिंहासन उत्तम चोळाला देतो, येथे ती संपते. तेथूनच विक्रमन यांच्या ‘नंदिपुरत्तु नायकी’ या उत्तरकथेचा आरंभ होतो. या उत्तरकथेविषयी मन दुहेरी होते, आणि त्याचे कारण केवळ लेखनगुणांतील तफावत नव्हे.

राजराजाचा ज्येष्ठ बंधू आदित्य करिकालन याचा वध इ. स. ९७०च्या सुमारास झाला. काट्टुमन्नारकोविलजवळील उडैयारगुडीच्या शिलालेखात सोमन, रविदासन, परमेश्वरन यांना या संदर्भात द्रोही म्हटले असून त्यांच्या व आप्तांच्या मालमत्तेच्या जप्तीचा निर्देश आहे. परंतु हा लेख राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षातील आहे. मधली सुमारे पंधरा वर्षे उत्तम चोळ राज्यावर होता. या मौनावरूनच नीलकंठ शास्त्री यांनी उत्तमावर संशय घेतला. कल्कींच्या कथेचा आरंभही याच परिसरात, वीरनारायण तलावाच्या बांधावर व्हावा, हे अर्थपूर्ण आहे.

कल्कींनी हा पेच विलक्षण युक्तीने सोडविला. राज्यलोभी मदुरांतक खरा वारस नव्हे. तंजावरात देवासाठी फुले गुंफणारा सेंदन अमुदन हाच खरा, असे त्यांनी दाखविले. त्यामुळे अरुळमोळीचा त्याग निर्मळ ठरतो. मात्र हा निष्पाप उत्तम उत्तरकथेला वारसाहक्काने मिळतो. त्याच्या राज्यात खुनी अदंडित का राहिले, हा प्रश्न शिलालेखाला विचारण्यापूर्वी तिला कल्कींची संमती घ्यावी लागते. तिची निष्ठा इतिहासापेक्षा पूर्वसूरींच्या कल्पिताशी बांधली जाते. ही तिची खरी मर्यादा होय.

तथापि तिचे शीर्षक पुत्राकडून नायिकेकडे आणि नदीकडून नंदिपुराकडे, म्हणजे कुंभकोणमजवळच्या पळैयारैकडे, वळते. राज्यत्यागानंतरची प्रतीक्षा गावात आणि अंतःपुरातच मुरते, ही जाण मोलाची आहे. क्रमशः कादंबरीच्या वाचकाला पात्रांचा विरह सोसवत नाही; ती भूकही तुच्छ लेखण्याजोगी नाही.

मराठी अभ्यासकाला येथे तंजावरच्याच एका भिंतीचे स्मरण व्हावे. राजराजाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. भिंत चोळांची, वंशावळ मात्र आपली. चोळांची कथा पुढे नेत असल्याचा दावा त्या लेखाने केला नाही. उत्तरकथेनेही भिंत उसनी घ्यावी, परंतु वंशावळ स्वतःची सांगावी. ‘नंदिपुरत्तु नायकी’ तिच्या शीर्षकात त्या दिशेने वळते आणि उत्तमाच्या निष्पापपणाशी पुन्हा अडते. आपले दुहेरी मन त्या दोन टोकांमध्येच घोटाळत राहते.