शब्द संपल्यावर

फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन टेनर गायकाने १९६५ साली हुबर्ट गीझनच्या पियानोसाथीने शूमानची ‘डिश्टरलीबं’ म्हणजे ‘कवीचे प्रेम’ ही १६ गीतांची माला ध्वनिमुद्रित केली. पुढच्याच वर्षी, वयाची ३६ वर्षे पूर्ण होण्याआधी, तो गेला. ही हळहळ बाजूला ठेवून ऐकले, तरी एक आक्षेप उरतो. गळा अप्रतिम, पण हायनेचा उपरोध कुठे आहे? हायनेच्या कवितेत भावना भरात येते आणि शेवटी तिलाच टाचणी लागते. फिशर-डीस्काऊ एकेक शब्द तोलून गातो, तेव्हा ती टाचणी टोचते. वुंडरलिश मात्र प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून गातो.

माझाही आक्षेप हाच होता. तो सुटला सातव्या गीतापाशी. ‘इश ग्रोलं निश्ट’ हे त्याचे शीर्षक. त्यातल्या क्रियापदाला मराठीत काय म्हणावे? ‘राग’ लवकर निवतो, ‘रुसवा’ मनधरणीची वाट पाहतो, ‘आकस’ जवळचा, पण जबानीतला वाटतो. शेवटी मी ‘मनात धरलं नाही’ असे केले आणि उपरोध कळावा म्हणून पुढे ‘बरं का’ जोडले.

वुंडरलिश हा नकार सरळ गातो. दात-ओठ खात नाही. त्याच्याखाली पियानोचे स्वरसंघ मात्र एका लयीत ठोके देत राहतात आणि डाव्या हातातले खर्जाचे स्वर जड पावलांनी चालतात. मनात धरल्याची साक्ष पियानो देतो. आपण खोटे बोलतो आहोत हे गाणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून ते खोटे झोंबते. त्यानेही डोळा मिचकावला असता, तर ऐकणाऱ्याने ओळखायचे काय उरले असते?

तेरावे गीत स्वप्नातल्या रडण्याचे. आवाज एकटाच सुरू होतो. तो थांबला की पियानोचे तुटक, कोरडे आघात येतात. इथेही वुंडरलिश रडका सूर लावत नाही, आणि मधली शांतता असह्य होते.

गीझनची साथ सगळीकडे या तोडीची नाही. पहिल्या गीतात ती थोडी ताठर वाटते. तिथे अधिक लवचीकपणा हवा होता. शेवटच्या गीतात मात्र तो मन जिंकतो. प्रेम आणि गाणी पुरून टाकायची भाषा करून कवी गप्प होतो. पियानो पुढे एकटाच बराच वेळ वाजत राहतो. बाराव्या गीताच्या शेवटी ऐकलेली सुरावट तिथे परत येते. गीझन ती अजिबात घाई न करता वाजवतो. पहिले गीत अधांतरी स्वरसंघावर सुटले होते. मालेला विसावा मिळतो तो इथे. हा विसावा हायनेच्या शब्दांत नाही. तो शूमानने पियानोला दिला आहे.

या ध्वनिमुद्रणानंतर मी मसुद्यातले ‘बरं का’ खोडले.