पाहुण्यांसाठी नाटक : माणगाव परिसरातील निवड आणि बोलीचा संकोच

घरी आलेल्या पाहुण्यास कोणते नाटक दाखवावे, हा प्रश्न वरकरणी केवळ आतिथ्याचा आहे. परंतु यजमान दुसऱ्यासाठी नाटक निवडतो तेव्हा आपल्याकडचे काय दाखविण्याजोगे आहे याविषयीची त्याची समजूत त्या निवडीत उघड होते, आणि ही समजूत बहुधा भाषेविषयीची असते. माणगावचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील हे तालुक्याचे गाव. ताम्हिणी घाटाने पुण्याशी आणि कोकण रेल्वेने मुंबईशी जोडलेले. गणपती आणि शिमगा या दोन सणांना येथील घरे चाकरमान्यांनी व त्यांच्यासमवेत आलेल्या परस्थ स्नेह्यांनी भरतात.

अशा वेळी यजमानापुढे साधारणतः तीन मार्ग असतात. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात किंवा पुण्यात लागलेले व्यावसायिक नाटक पाहावयाचे, तर कोणत्याही दिशेने सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास पडतो. दुसरा मार्ग गावकीच्या नाटकाचा. ते उत्सवात, मांडवात होते. तिसरा नमन-खेळ्यांचा. सुशिक्षित यजमान पहिला मार्ग पत्करतो, आणि तो न साधल्यास दुसरा. तिसऱ्याविषयी ‘पाहुण्यांना त्यातले काय कळणार!’ एवढेच बोलून विषय संपविला जातो. हे कारण तपासून पाहिले पाहिजे.

गावकीच्या नाटकाचा खरा आनंद दुहेरी ओळखीचा असतो. रंगमंचावरील करारी बाप हा खाजगीत कमालीचा भिडस्त शेजारी आहे, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाच त्या करारीपणाची गंमत कळते. पाहुण्याजवळ ही दुसरी ओळख नसते. त्याच्या वाट्याला येते ते छापील संहितेतील प्रमाणभाषेचे पाठांतर. घरी ‘पानी’ व ‘इस्तू’ म्हणणारा नट येथे ‘पाणी’ व ‘विस्तव’ म्हणतो. त्याचे सारे लक्ष ‘ण’च्या उच्चाराकडे लागते आणि अभिनय मागे पडतो. या प्रयोगांची हौस व कष्ट वादातीत आहेत. तथापि शब्द कळतात म्हणून पाहुण्याला नाटक कळते, हा समज मात्र टिकत नाही.

नमनाची घडण याच्या उलट आहे. मृदंग व झांजेच्या साथीने देवतांना वंदन, मग गण, मग गौळण आणि शेवटी वग, असा त्याचा क्रम सर्वसाधारणपणे असतो. काळ्या वेषातला, उंच टोकदार मुखवट्याचा संकासुर येतो, तेव्हा तो कोण हे सांगण्यासाठी संवादाची आवश्यकता पडत नाही. सोंग आधी दिसते, बोलणे मागून येते. शिवाय भाषेची वाटणी पात्रांच्या दर्जाप्रमाणे झालेली असते. गणाची भाषा संस्कृतप्रचुर असते, वगातील राजा पोथीच्या व जुन्या नाटकांच्या मराठीत बोलतो, तर पेंद्या आणि मावशी शेतावरची बोली बोलतात. राजाला संस्कृत व विदूषकाला प्राकृत नेमून देणारे संस्कृत नाटकातील भाषाविधान येथे सहज आठवते. फरक इतकाच की, विदूषकाची प्राकृत पुढे ग्रंथांत गोठली. मावशीची बोली मात्र समोर बसलेल्या मंडळींची रोजची बोली आहे, म्हणून राजापेक्षा तिच्या वाक्याला हशा अधिक. मराठीची इतकी रूपे एका रात्रीत, एकाच रंगभूमीवर आणि परस्परांची थट्टा करीत दाखविणारा दुसरा प्रयोग या परिसरात सापडणे कठीण. परस्थाला प्रत्येक शब्द कळत नाही हे खरे. परंतु कोणते पात्र कोणाच्या भाषेची नक्कल करीत आहे हे त्याला कळते, आणि नाट्य नेमके तेथेच असते.

भाद्रपदातील जाखडीचे असे म्हणता येत नाही. शक्ती व तुरा या पक्षांचे सवालजबाब शब्दांच्या अर्थावर व पुराणकथांच्या माहितीवर उभे असतात. नवख्या पाहुण्याला तेथे फेर व घुंगरू तेवढे लाभतात.

येथे गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चा दाखला हटकून दिला जातो. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मालवणीला मुंबईच्या नाट्यगृहांत मानाचे स्थान मिळवून दिले, यात शंका नाही. पण त्यामुळे ‘कोकणची बोली’ म्हणजे मालवणी असे एक नवे प्रमाण रूढ झाले. ग्रियर्सनच्या १९०५ च्या मराठीविषयक खंडात कुणबी, आगरी, कोळी, संगमेश्वरी, बाणकोटी अशी उत्तर व मध्य कोकणातील बोलींची स्वतंत्र नोंद आहे. ‘घोडा’चा ‘घोरा’ करणारा हा पट्टा मालवणीच्या आरशात दिसत नाही. माणगावच्या पाहुण्याला कोकण दाखवावयाचे म्हणून मालवणी नाटक दाखविणे ही, सौम्य शब्दांत सांगावयाचे तर, सोयीची चूक आहे.

संकोच केवळ यजमानाचा नसतो. मांडवात परका माणूस दिसला की सोंगाडेही आपली भाषा सावरू लागतात. परळच्या दामोदर नाट्यगृहात (स्थापना १९२२, पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद) तिकीट लावून होणाऱ्या बहुरंगी नमनांत हीच सावरासावर अधिक ठळक होती, कारण तेथे प्रयोगाला वेळेचे बंधन होते आणि रात्रभर चालणारा विस्तार आखडून घ्यावा लागे. अशी काटछाट प्रथम मावशीच्या फापटपसाऱ्यावर येते. राजाची भाषणे सहसा वाचतात.

म्हणून निवड करणाऱ्याने प्रयोगाचे नाव पाहण्यापेक्षा जागा आणि वेळ पाहावी. शिमग्यात वाडीच्या अंगणात, मंडळी आपल्याच माणसांसाठी खेळत असताना पाहुण्याला मागच्या रांगेत बसवावे. पुढे खुर्ची देऊन त्याचा सत्कार मांडू नये, कारण सत्कार झाला की भाषा सावरलीच. सकाळची गाडी गाठावयाची असेल तर गौळण संपेपर्यंत थांबणे पुरेसे आहे. वग पहाटेपर्यंत चालतो आणि त्यातील राजाची मराठी पाहुण्याने शाळेत ऐकलेली असते.